भिंतीवरच्या पाच काचा

मावशींच्या शाळेत मोडकं काही राहत नसे. बाकाचा पाय डगमगला की दुसऱ्या दिवशी त्याखाली पाचर ठोकलेली असे, नळ ठिबकू लागला की संध्याकाळच्या आत त्याला नवा वायसर बसलेला असे, आणि चेंडूने खिडकी फुटली तर चेंडू मारणारा सापडायच्या आधी नवी काच लागलेली असे. तीस वर्षं त्या इथे शिपाई होत्या. शिपाई कागदावर, तोंडावर सगळ्यांच्याच त्या मावशी. मुलांच्या मावशी, मुलांच्या आयांच्या मावशी (त्यातल्या निम्म्या याच शाळेत नाक पुसत वाढलेल्या) आणि मुख्याध्यापिकेच्याही मावशीच. मुख्याध्यापिकेला शाळा मोठ्या बाई म्हणे. मोठ्या बाई हसून म्हणायच्या, "मावशी, तुमच्या हातात असतं ना, तर तुम्ही डोंगरालाही फडकं मारलं असतं."

डोंगर होताच तिथे. पायथा कापून शाळा बांधली होती. वर्गांच्या दोन ओळी, एक रस्त्याकडे तोंड केलेली, दुसरी तिच्या मागे. मागच्या ओळीच्या खिडक्यांपासून चार पावलांवर दगड-सिमेंटची उंच भिंत आणि भिंतीपलीकडे सरळ वर चढत गेलेला डोंगर. भिंतीत खालच्या बाजूला ओळीने आठ पाइप बसवले होते, डोंगरात मुरलेलं पाणी निथळून जावं म्हणून. पावसात त्यांतून पाणी गळे, पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडत.

बावीस वर्षांपूर्वी या भिंतीला केसाएवढी भेग दिसली. सरकारी कचेरीतून एक गवंडी आला. त्याने भेगेवर आडव्या पाच काचपट्ट्या चिकटवल्या, बोटभर रुंद, चार बोटं लांब, दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक गोळा. वर लाल रंगाने एक ते पाच आकडे काढले आणि त्या दिवसाची तारीख लिहिली.

"हे कशासाठी हो?" मावशींनी विचारलं.

"साहेबांनी सांगितलं, मी लावलं," गवंडी म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

वर्षातून एकदा एक मोजणीवाले काका मात्र यायचे. त्यांच्या कागदावर पट्ट्यांविषयी एकच प्रश्न होता: पाचही शाबूत आहेत का? ते छत्री न मिटता लांबूनच बोटाने पाच मोजत, 'होय' लिहीत आणि शिक्का मारून निघून जात.

तिसऱ्या वर्षी चार नंबरची पट्टी मधोमध तडकली. पहिलीतल्या एका पोराने त्यावर बोट फिरवलं आणि रक्ताची धार लागली. पोराच्या आईने शाळा डोक्यावर घेतली. मावशींना ते जिवाला लागलं. आपल्या शाळेत फुटकी काच, तीही पोरांच्या हाताला येईल अशी!

काचेची अडचण नव्हती. मावशींचे यजमानच काचवाले. फाटकासमोर त्यांचं खिडक्यांच्या काचांचं दुकान होतं. त्या संध्याकाळी ते पेन्सिल कानावर ठेवून आले.

"कुठल्या खिडकीची?"

"खिडकीची नाही. भिंतीची."

"भिंतीला काच? आज भिंतीला लाव, उद्या डोंगराला चष्मा सांगशील."

"तोंड चालवायच्या आधी हात चालवा."

त्यांनी हात चालवला. काच कापायचा हिरा पट्टीच्या कडेने एकदाच ओढला, उलट्या बाजूने टिचकी मारली, आणि हवी तेवढी काच अलगद निघाली. सिमेंट मावशींनी कालवलं. जुने गोळे खरवडून नवी पट्टी बसली, सकाळपर्यंत वाळली. गवंड्याची पट्टी कुठली आणि काचवाल्याची कुठली, ओळखून दाखवावं!

फुटलेले दोन तुकडे मावशींनी कागदात गुंडाळले, वर तारीख आणि नंबर घातला आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकले. ही शाळेची जुनी शिस्त होती. मोडकं दाखवा तर नवं मिळेल. खराटा झिजला तर दांडा दाखवायचा, कुलूप बिघडलं तर कुलूप. काचेचे तुकडे मागायला कुणी येणार नव्हतं, काच घरची होती. पण सवय ती सवय.

मग बरीच वर्षं काही झालं नाही. दोन-तीन वर्षांत एखादी पट्टी तडके. मावशी नवी लावत. लाल आकडे पुसट झाले की तेही गिरवत, जुन्या तारखेसकट. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतीला चुना लागे, तेव्हा भेगेत थोडा सिमेंटचा माल दाबून ती बुजवत, म्हणजे भिंत कशी गुळगुळीत दिसे. मोजणीवाले काका एकदा कौतुकानेसुद्धा म्हणाले, "काय ठेवलीय भिंत! काल बांधल्यासारखी."

बदलला तो पाऊस. कधी बदलला ते मावशींना सांगता आलं नसतं. पूर्वीचा पाऊस शिवणाऱ्या बाईच्या हातासारखा, बारीक टाका, दिवसभर, पण कुठे ताण नाही. पाइपांतून स्वच्छ पाणी दोऱ्यासारखं पडे. पुढे त्याचं तंत्र बिघडलं. ऐन पावसाच्या महिन्यांत तीन-तीन आठवडे दडी मारून बसायचा. वर उतारावरची माती वाळून फाटायची, भेगांत कोपरापर्यंत हात जाईल इतकी. आणि मग एका दुपारी आभाळ उपडं व्हायचं. त्या सगळ्या उघड्या तोंडांतून पाणी सरळ डोंगराच्या पोटात. पाइपांतून दुसऱ्या दिवशी चहासारखा गढूळ लोट यायचा. पोरांच्या होड्या त्यात बुडायच्या.

एका उन्हाळ्यात असा उष्मा झाला की वरचं रान पेटलं. तीन दिवस जळत होतं, राख वर्गातल्या फळ्यांवर येऊन बसली. झाडं मेली, पण पडली नाहीत, काळी होऊन उभीच राहिली. "उभी आहेत तोवर बरं," काचवाले म्हणाले होते. "मुळं कुजायला लागली की बघ. माती धरून कोण ठेवणार?" ते बघायला ते स्वतः राहिले नाहीत. दोन वर्षांनी गेले. दुकान विकलं, हिरा मावशींनी ठेवून घेतला. त्यानंतर काच कापायचं कामही त्यांच्याच अंगावर आलं. पुढच्या पावसापासून ती काळी झाडं एकेक करून आडवी व्हायला लागली, वारा नसतानासुद्धा.

डबा भरत चालला. पहिल्या दहा वर्षांत त्यात तीनच पुड्या पडल्या होत्या. आता एका पावसात तीन, मग पाच. मागच्या वर्षी नऊ. शिवाय चार बोटांची पट्टी आता पुरत नव्हती. मावशी आधी पाच बोटांची कापायला लागल्या, मग सहा, आता चांगली वीतभर. का, असं त्यांनी स्वतःला विचारलं नाही. भाकरी करपली तर आच कमी करावी, तसं पट्टी आखूड पडली तर लांब कापावी. हाताला कळत होतं, डोक्यापर्यंत जात नव्हतं.

मागच्या ओळीच्या टोकाला कोठीची खोली होती, खराटे-खडू आणि तो बिस्किटांचा डबा ठेवायची. तिचं दार दरवर्षी अडायला लागलं होतं. मावशी दरवर्षी रंधा मारून ते तासत. या वर्षी दोनदा तासलं, तरी खांदा लावल्याशिवाय उघडेना. "दार म्हातारं झालं की मी?" असं म्हणून त्या हसत.

त्यांची नात याच शाळेत तिसरीत होती. एका जागी बसत नसे म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिची आई, म्हणजे मावशींची मुलगी, दवाखान्यात आया. सकाळची पाळी, म्हणून उजाडताच पोरीला आजीच्या खोलीवर सोडायची. ती खोली फाटकाशेजारीच, शाळेने दिलेली. तिसरीचा वर्ग मागच्या ओळीत, भिंगरीची जागा खिडकीशी. पट्टी बसवताना सिमेंटची वाटी धरायचं काम तिचं, आणि त्याचा तिला कोण अभिमान.

"आई, काल वरून दगड आला म्हणे मैदानात," एका सकाळी मुलगी पोरीची वेणी घालता घालता म्हणाली.

"नारळाएवढा. उचलून टाकला."

"उचलून टाकला म्हणजे झालं? माझा तिथे कामात जीव लागत नाही गं."

"तुझा जीव कशात लागतो? तीस वर्षं मी इथे आहे. भिंत भक्कम आहे. दरसाल माणूस येऊन बघून जातो."

हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं.

त्या वर्षी मोजणीवाले काका आले नाहीत, निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आली एक तरुण बाई, पाठीवर पिशवी, पायात चिखलाचे बूट. सव्वीस दिवस थेंब पडला नव्हता आणि नेमका त्या सकाळी नऊला पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, दगडफेक. पत्र्यांवर इतका आवाज की बाईंना पाढे ओरडून म्हणून घ्यावे लागत होते.

ही मोजणीवाली लांबून बघणारी नव्हती. रेनकोट घालून भिंतीपाशी गेली, पाचही पट्ट्यांवर बोट फिरवलं, लाल तारीख वाचली. तिसरीच्या खिडकीतून पंचवीस डोकी बघत होती.

"बाई, त्या काचा कशाच्या?" एका पोराने ओरडून विचारलं.

ती खिडकीपाशी आली. भिजलेला चेहरा पुसत म्हणाली, "तुमच्या वर्गात चुगल्या कोण करतं?"

पंचवीस बोटं एकाच पोराकडे वळली.

"तशी ही काच. भिंतीची चुगलखोर. भिंत एवढीशी जरी सरकली, केसभर, आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. पण काचेला ताणायची सवय नसते. ती टकदिशी तुटते. आम्ही येऊन बघतो आणि आम्हाला कळतं, भिंत हलली. ही बघा, बावीस वर्षांत एकही तुटली नाही. म्हणजे तुमची भिंत शहाणी आहे."

मावशी व्हरांड्यात आत येणारं पाणी लोटत होत्या. हातातला खराटा थांबला.

खिडकीशी बसलेली भिंगरी उठून उभी राहिली. तिने मोजणीवालीकडे पाहिलं, मग आजीकडे. तिचं तोंड उघडलं होतं. मावशींनी डोळे मोठे केले. नुसते डोळे. पोरगी खाली बसली.

मावशी पुन्हा पाणी लोटू लागल्या. त्याच जागेवरचं, पुन्हा पुन्हा.

ऑफिसात त्यांनी चहा नेला तेव्हा कागद लिहून झाला होता. मोठ्या बाई खुशीत होत्या. "म्हणजे मागची ओळ सुरक्षित ना? बरं झालं बाई. पुढे दोन वर्गांचं छप्पर गळतंय. ती साठ मुलं उद्यापासून मागेच बसवते, दाटीवाटीने."

"पट्ट्या शाबूत आहेत, म्हणजे हरकत नाही," मोजणीवाली म्हणाली. "पाऊस जरा ओसरला की निघते. मावशी, चहा झकास."

मावशींनी मान हलवली. आठ महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. सांगितलं तर काय होईल ते त्यांना कळत होतं. सरकारी तपासणीत बावीस वर्षं ढवळाढवळ. पेन्शन अडेल, खोली जाईल. आणि नाव? ज्या नावाला आयुष्यभर जपलं, त्यावर लोक थुंकतील. आणि नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? सगळं शाबूत होतं. त्यांनीच ठेवलं होतं.

त्या छत्री न घेताच मागे गेल्या. तीन नंबरची पट्टी त्यांनी चार दिवसांपूर्वीच बसवली होती. पावसाचा एवढा आवाज, तरी त्यांना ऐकू आलं, की बोटांना जाणवलं कोण जाणे: टक्. काचेच्या मधून एक पांढरी रेघ सरसर आडवी गेली.

मग त्यांनी खाली पाहिलं. दोन तास आभाळ कोसळत होतं. आठ पाइप होते. आठही कोरडे होते. एका पाइपाच्या तोंडाशी घट्ट चिखलाचा गोळा अडकला होता, आतून कुणीतरी बूच मारावं तसा. वर डोंगर गप्प होता. एवढं पाणी प्यायला होता आणि एक थेंब बाहेर टाकत नव्हता.

खिडकीच्या काचेला नाक लावून भिंगरी बघत होती.

कोठीचं दार मावशींनी खांद्याने उघडलं.

डबा ऑफिसच्या टेबलावर आदळला तेव्हा चहाचा कप सांडला. "मावशी!" मोठ्या बाई ओरडल्या. "हे काय? अंगावरून पाणी गळतंय तुमच्या—"

"बाई, त्या काचा माझ्या आहेत."

"कुठल्या काचा?"

"भिंतीवरच्या. गवंड्याची एकही राहिली नाही. तुटली की मी नवी लावायची. मोडकं ठेवायचं नाही म्हणून. आकडेसुद्धा मीच गिरवले." त्यांनी झाकण काढलं. "तुटलेल्या सगळ्या यात आहेत. एकही टाकली नाही."

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. "बावीस वर्षं? मावशी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय—"

"आज कळलं."

मोजणीवालीने डबा आपल्याकडे ओढला. तिने पुड्या काढल्या आणि तारखा वाचत, मधल्या वर्षांइतकं अंतर सोडत टेबलावर ओळीने मांडायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत तीन पुड्या, मध्ये हातहातभर मोकळी जागा. मग जागा कमी होत गेल्या. मग टेबल संपलं, ती खाली जमिनीवर मांडू लागली. शेवटच्या पुड्या एकमेकींना खेटून आल्या. तिने एक चार बोटांचा तुकडा उचलला, त्याच्या शेजारी मागच्या महिन्यातली वीतभर पट्टी धरली.

"ही लांब का?"

"पुरत नव्हती म्हणून."

मोजणीवालीने दोन्ही तुकडे खाली ठेवले. "मावशी, आत्ता पाइपांतून पाणी येतंय?"

"तेच सांगायला आले. एकातूनही नाही. आणि तीन नंबरची तुटली. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत."

मोजणीवाली उठली तेव्हा तिच्या बुटाखाली एक काच चुरडली. "घंटा कुठाय?"

घंटा मावशींनीच दिली. जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती, म्हणून पोरं आनंदाने ओरडली. दप्तरं राहू द्या, चपला राहू द्या, हात धरा, चला. मागची ओळ आधी. रस्त्यापलीकडे बसगाड्यांची मोठी शेड होती, तिथे सगळ्यांना नेलं. मावशी शेवटी फिरल्या, वर्गावर्गात, बाकाखाली वाकून, संडासाची दारं ढकलून. तिसरीच्या वर्गात त्यांना एक बारीक आवाज आला. खिडक्यांची तावदानं कुरकुरत होती. चौकट तिरपी झाली की काच अशी रडते, हे त्यांना नवरा सांगून गेला होता.

शेडमध्ये हजेरी झाली. एकही कमी नव्हतं. भिंगरी आजीच्या ओल्या पदराला चिकटली. "आजी, मी सांगितलं नाही हं कुणाला."

मावशींनी तिचं डोकं पोटाशी दाबलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "यापुढे मी डोळे मोठे केले तरी सांगायचं. ओरडून सांगायचं."

त्या दिवशी भिंत पडली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. फाटकाला कुलूप आणि फळी लागली, मावशींनी आपली खोली रिकामी केली आणि मुलीच्या घरी गेल्या. त्यांच्या हातात खुलासा मागणारी नोटीस पडली. त्यांनी चार ओळी लिहिल्या: काचा मी बदलल्या, कुणाच्या सांगण्यावरून नाही, तुकडे जमा केले आहेत. शेडमध्ये वर्ग भरू लागले. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि पालक कुजबुजू लागले. "म्हातारीनं उगाच घाबरवलं." "मुलं डिझेलच्या धुरात बसवलीत, भिंत तर जिथल्या तिथे आहे." एका बापाने तोंडावरच विचारलं, "काय मावशी, डोंगर केव्हा येणार म्हणाला?" मावशींची मुलगी त्याला काही बोलणार होती. मावशींनी तिचा हात धरला.

मोजणीवाली गावातच थांबली होती. तिने वर दोऱ्या बांधल्या, खुंट्या ठोकल्या. पहिल्याच दिवशी तिने मावशींकडून पाच नव्या पट्ट्या कापून घेतल्या होत्या. "तुमच्याइतकी सरळ काच कोण कापणार? पण या वेळी लावणार मी. आणि तुम्ही हात लावायचा नाही."

पाचव्या सकाळी ऊन होतं आणि पश्चिमेला आभाळ पुन्हा जांभळं व्हायला लागलं होतं. पावसाचे अजून दोन महिने बाकी होते. मोजणीवालीने मावशींना पाच मिनिटांसाठी फाटकातून आत घेतलं. एकटीने बघण्यापेक्षा बावीस वर्षं बघणारे डोळे बरे, असं ती म्हणाली.

मैदानात दोन नवे दगड येऊन पडले होते. कोठीचं दार आपोआप उघडं पडलं होतं, चौकट त्याला धरून राहिली नव्हती. भिंतीपाशी जाताना दोघी कुजबुजत बोलत होत्या, झोपलेल्या कुणाला जाग येईल तशा.

पाचही पट्ट्या तुटल्या होत्या. तुकडे नुसते तडकले नव्हते, एकमेकांपासून लांब गेले होते. चुन्याखाली दाबलेला इतक्या वर्षांचा माल ढपल्या होऊन खाली पडला होता आणि आतली खरी भेग उघडी होती. मावशींचा तळहात तिच्यात सहज मावला असता. आतून गार, मातकट वारा येत होता.

मावशींचा उजवा हात सवयीने पदराच्या गाठीकडे गेला. गाठीत हिरा होता.

"मावशी," मोजणीवाली हलकेच म्हणाली.

"नाही लावत," मावशी म्हणाल्या. "राहू दे तुटकी."

त्यांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. वरून, कुणी ढकलल्याशिवाय, मातीचा एक लहानसा गोळा घरंगळत आला, भिंतीच्या काठावर क्षणभर थांबला आणि त्या दोघींच्या पायांपुढे पडला. मावशींनी तो झाडला नाही. त्या मोजणीवालीचा दंड धरून फाटकाकडे चालू लागल्या, भराभर. रस्त्यापलीकडे शेडमध्ये पोरं पाढे म्हणत होती.